सेकंडहँड रिमोट गाडीची बॅटरी: मिळत नाही, मिळाली तर बसत नाही, बसली तर टिकत नाही

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या रिमोटच्या गाड्यांमध्ये निम्म्याहून जास्त गाड्या बिघडलेल्या नसतातच. कुणाच्या मुलाने वापरून सोडलेली, कुणी ओळखीत दिलेली, कुणी जुन्या सामानातून उचललेली. चाकं मोकळी फिरतात, रिमोट सोबत असतो, पण बॅटरीचा कप्पा एकतर रिकामा असतो, नाहीतर त्यात पांढरी भुकटी सुटलेला, कधीचा मेलेला पॅक असतो. मग घरचे गाडीचं नाव घालून बॅटरी शोधायला लागतात. ती सापडत नाही. जी सापडते ती दिसायला तशीच असते, पण पिन वेगळी. पिन जुळली तर गाडी दोन मिनिटं पळते आणि थांबते. तिसऱ्यांदा पैसे गेले की गाडी माळ्यावर जाते आणि पोराचं मन खट्टू होतं ते वेगळंच.

बॅटरी गाडीच्या नावाने शोधायचीच नाही. खेळण्यातली गाडी बनवणारे सहसा सेल बनवत नाहीत. ते तयार सेल घेतात, पॅक बांधून घेतात, पिन लावतात आणि कप्प्यात ठेवतात. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्यांत दोन वेगळ्या जातीचे पॅक निघालेले मी स्वतः पाहिलेत. त्यामुळे शोधायला पाच गोष्टी लागतात: व्होल्ट, सेलची जात, पिन आणि तिची दिशा, कप्प्याचं माप, आणि मोटर किती करंट ओढते त्याचा अंदाज. ही पाच उत्तरं कागदावर लिहिलेली असली की कंपनी बंद पडून वीस वर्षं झालेल्या गाडीलाही बॅटरी मिळते.

आधी गाडी जिवंत आहे का ते बघा

नवा पॅक मागवण्याआधी हे करायचंच. पेन्सिल सेल बसणारी, दोन वायरी बाहेर आलेली प्लास्टिकची डबी इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मिळते. साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, त्यामुळे चार सेलांची डबी ६ व्होल्ट देते. गाडी किती व्होल्टची आहे हे अजिबात माहीत नसेल तर तीन सेलांनी, म्हणजे ४.५ व्होल्टने सुरुवात करा. कमी व्होल्टवर गाडी दमल्यासारखी चालेल, पण दिवा लागेल, स्टिअरिंग टकटक करेल, मागची चाकं जराशी फिरतील. आपल्याला तेवढंच बघायचंय. गाडी एखाद्या डबड्यावर टेकवून चाकं अधांतरी ठेवा आणि डबीच्या वायरी चिमट्यांनी गाडीच्या वायरींना लावा. प्लस कुठली आणि मायनस कुठली हे कसं ओळखायचं ते पुढे सांगितलंय. ते वाचल्याशिवाय चिमटे लावू नका.

गाडी काहीच करत नसेल तर दोष दुसरीकडे आहे. गाडीच्या पोटातला सरकता स्विच गंजलेला असतो, तो दहा-वीस वेळा मागेपुढे केला तरी कधी कधी जिवंत होतो. रिमोटमधले सेल बदलून बघा. लांब अँटेना असलेल्या जुन्या गाड्या बहुतेक २७ किंवा ४९ मेगाहर्ट्झवर चालतात. त्यांना जोडणी करावी लागत नाही, पण रिमोट त्याच फ्रीक्वेन्सीचा लागतो, आणि सेकंडहँड मालात रिमोटांची अदलाबदल सर्रास झालेली असते. आकडा गाडीच्या बुडावर आणि रिमोटच्या पाठीवर छापलेला असतो, तो जुळवा. अँटेना नसलेल्या नव्या गाड्या २.४ गिगाहर्ट्झच्या. त्यात गाडी आणि रिमोट लागोपाठ चालू करून त्यांची ओळख होऊ द्यावी लागते.

व्होल्ट: सेल मोजा

जुना पॅक हाताशी असेल तर त्याला फेकू नका. मेलेला असला तरी सगळी माहिती त्याच्याच अंगावर असते. लेबल फाटलेलं असलं तरी वरच्या प्लास्टिकच्या नळीतून बोटांना सेल जाणवतात. ते मोजा. निकेल जातीचा एक सेल १.२ व्होल्टचा. त्यामुळे तीन सेल म्हणजे ३.६, चार म्हणजे ४.८, पाच म्हणजे ६, सहा म्हणजे ७.२ आणि आठ म्हणजे ९.६ व्होल्ट. लिथियमचा एक सेल ३.७ व्होल्टचा. दोन सेल म्हणजे ७.४, तीन म्हणजे ११.१. हा हिशेब बहुतेक खेळण्यांत चुकत नाही, कारण सेल एकापुढे एक जोडलेले असतात. मोठ्या लिथियम पॅकमध्ये मात्र कधी दोन सेल शेजारी-शेजारी समांतर जोडलेले असतात. लेबलवर ७.४ आणि हाताला चार सेल, असं दिसलं तर तेच कारण.

मेलेल्या पॅकवर मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावून जो आकडा येतो तो धरून बॅटरी मागवू नका. सहा सेलांचा पॅक पडून पडून ३ व्होल्टवर आलेला असतो आणि माणूस ३.६ ची बॅटरी आणतो. गाडी हलते, पण रांगते.

पॅक नसेल तर कप्प्याचं झाकण आतून बघा, गाडीचं बूड बघा, आणि चार्जर असेल तर त्याच्यावरचा मजकूर वाचा. चार्जरवरचा आकडा मात्र जपून घ्यायचा. ८.४ व्होल्ट लिहिलं असेल तर बहुधा दोन सेलांची लिथियम, कारण पूर्ण भरलेला लिथियम सेल ४.२ व्होल्टचा असतो. ४.२ लिहिलं असेल तर एक सेल. निकेलच्या साध्या चार्जरवर मात्र कधी पॅकचे व्होल्ट छापतात, कधी त्याहून जास्तीचे. तिथे चार्जरच्या आकड्यावर अवलंबून न राहता पॅकच्या जागेवरून खात्री करून घ्यायची.

मुलं ज्यात बसून चालवतात त्या मोठ्या गाड्यांचं सगळंच वेगळं. त्यात शिशाची ६ किंवा १२ व्होल्टची बॅटरी असते. हे लिखाण त्यांच्याबद्दल नाही.

सेलची जात: सगळ्यात जास्त घोटाळा इथे

जुन्या गाड्यांत निकेल-कॅडमियम. नंतरच्यांत निकेल-मेटल हायड्राइड. अलीकडच्यांत लिथियम-आयन किंवा लिथियम-पॉलिमर. लिथियम-आयन सेल सोनीने पहिल्यांदा बाजारात आणला तो १९९१ साली, आणि खेळण्यांत उतरायला त्याला आणखी बरीच वर्षं लागली. म्हणून ऐंशीच्या-नव्वदच्या दशकातली गाडी हाती आली असेल तर मूळ पॅक निकेलचाच होता असं धरून चाला.

लेबलवर अक्षरं शिल्लक असतील तर ती बोलतात. केआर म्हणजे निकेल-कॅडमियम. एचआर म्हणजे निकेल-मेटल हायड्राइड. आयसीआर किंवा आयएनआर म्हणजे लिथियम-आयन. आयएफआर म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट, ज्याचा सेल ३.२ व्होल्टचा असतो आणि ४.२ पर्यंत भरायचा नसतो. एलआर म्हणजे साधा अल्कलाइन, तो चार्ज करायचाच नाही.

निकेल-कॅडमियमच्या जागी तेवढ्याच सेलांचा निकेल-मेटल हायड्राइड पॅक बिनधास्त बसवता येतो. व्होल्ट तेच, आणि एकाच आकारात साठवण जास्त. कॅडमियम विषारी आहे, त्यामुळे तो मागे पडला हे चांगलंच झालं. फक्त चार्जर बघून घ्यायचा, त्याबद्दल खाली लिहिलंय.

निकेलच्या ७.२ च्या जागी लिथियमची ७.४ ही अदलाबदल मात्र फसवी आहे. आकडे शेजारी-शेजारी दिसतात, ताज्या भरलेल्या दोन्ही पॅकचे व्होल्टही साधारण सारखेच, ८.४ च्या आसपास. गाडी झकास पळते. चार-पाच दिवसांनी पॅक मरतो. याचं कारण असं की निकेलसाठी बनवलेल्या गाडीला कुठे थांबायचं ते कळत नाही. निकेलचा पॅक पार रिकामा होईपर्यंत चालवला तरी त्याचं फारसं बिघडत नाही, म्हणून गाडीत तशी सोयच नसते. लिथियमचा सेल ३ व्होल्टच्या खाली ओढत राहिलं की त्याच्या आतली रचनाच बिघडते. पोरं तर गाडी शेवटचा गचका खाईपर्यंत चालवणारच, त्यांना कोण थांबवणार. तेव्हा लिथियम घालायचीच असेल तर आत संरक्षक सर्किट असलेला पॅक घ्या. आणि निकेलच्या चार्जरला लिथियमचा पॅक कधीही, एकदाही लावू नका. साधा निकेल चार्जर ठरावीक करंट ढकलत राहतो, ४.२ ला थांबत नाही. भरून ओसंडलेला लिथियम सेल फुगतो, तापतो आणि पेट घेतो.

आणखी एक सांगून ठेवते. पेन्सिल सेलाच्याच आकाराचा एक लिथियम सेल मिळतो, त्याला १४५०० म्हणतात. १४ मिलिमीटर जाड, ५० मिलिमीटर लांब. तो पेन्सिल सेलाच्या खाचेत तंतोतंत बसतो. चार पेन्सिल सेलांच्या, ६ व्होल्टच्या गाडीत कुणी हे चार घातले तर १४.८ व्होल्ट जातात. चार्ज होणारे पेन्सिल सेल मागवताना प्रत्येक सेलवर १.२ लिहिलंय की ३.७, हे वाचल्याशिवाय पाकीट फोडू नका.

पिन जुळली म्हणजे झालं, असं नाही

माझ्या हातून एक गाडी गेली ती इथेच. भाच्यासाठी आलेली गाडी होती, हिरवी, मागे मोठी चाकं. जुना पॅक आधीच्या घरीच राहिलेला. गाडीच्या वायरीला दोन पिनांची, वरती खटका असलेली पांढरी पिन होती, जिला एसएम म्हणतात. मी तशाच पिनेचा ४.८ व्होल्टचा पॅक आणला. पिन खट्कन बसली. आवाज इतका समाधानाचा होता की मी दुसरं काही बघितलंच नाही. स्विच सरकवला. एक क्षण काहीच नाही, मग सर्किटच्या बाजूने धुराची बारीक रेघ आली आणि जळक्या प्लास्टिकचा वास. भाचा शेजारीच बसला होता. "आत्या, असंच होतं का पहिल्यांदा?" त्याला काय उत्तर द्यावं ते मला सुचेना.

झालं असं होतं की पॅकवरची लाल वायर पिनेच्या ज्या घरात होती, त्याच्या समोर गाडीची काळी वायर येत होती. पिनेचा आकार ठरलेला असतो, पण प्लस कुठल्या घरात आणि मायनस कुठल्या घरात हे पॅक बांधणारा ठरवतो. एकाच पिनेचे पॅक दोन्ही दिशांचे मिळतात. एसएममध्ये हे फार दिसतं, पण कुठल्याच पिनेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

म्हणून आता मी असं करते. पॅक आणि गाडी यांच्या पिना समोरासमोर धरायच्या, पण जोडायच्या नाहीत. लालसमोर लाल आणि काळ्यासमोर काळी येते का ते बघायचं. मग रंगांवरही विसंबायचं नाही. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून त्याची लाल काडी पॅकच्या लाल वायरीच्या घरात आणि काळी काडी काळीच्या घरात टेकवायची. आकडा सरळ आला तर रंग खरे. आकड्याआधी उणे चिन्ह आलं तर रंग खोटे. काड्यांची टोकं एकमेकींना लागू देऊ नका, नाहीतर पॅक शॉर्ट होतो.

गाडीच्या बाजूची दिशा कशी ओळखायची? सोपा मार्ग म्हणजे मूळ चार्जर. चार्जरची पिन बॅटरीच्याच पिनेत जाते, त्यामुळे चार्जरच्या पिनेतलं जे घर प्लस, त्याच्यासमोर येणारं बॅटरीचं घर प्लस. साधे चार्जर बॅटरी नसतानाही व्होल्ट दाखवतात, तेव्हा मल्टिमीटरने लगेच कळतं. चार्जर नसेल तर गाडीचं वरचं टोप उघडा. सर्किटवर वायरींच्या मुळाशी बी प्लस, बी मायनस असं छापलेलं असतं. तेही नसेल तर सर्किटवर उभा, लहान डब्यासारखा कपॅसिटर शोधा. त्याच्या एका अंगाला पट्टा असतो, तो मायनसचा पाय. मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक काडी त्या पायाला आणि दुसरी बॅटरीच्या वायरींना आळीपाळीने लावा. जिच्याशी बीप वाजतो ती बहुतेक गाड्यांत मायनस. मोजताना गाडीत कुठलीही बॅटरी नको.

पिन उलटी निघाली तर पॅक परत करायची गरज नाही. एसएमच्या घरातले पितळी काटे बारीक टाचणीने जीभ दाबून मागून बाहेर ओढता येतात आणि अदलून बसवता येतात. पिनच वेगळी असेल तर जुन्या पॅकची पिन चार बोटं वायर ठेवून कापून घ्या आणि नव्या पॅकला जोडा. नव्या पॅकच्या वायरी कापताना एका वेळी एकच वायर. दोन्ही एकत्र कात्रीत घेतल्या की कात्रीचं पातंच त्यांना शॉर्ट करतं आणि ठिणगी उडते. पहिली वायर कापली की तिच्या टोकाला चिकटपट्टी, मगच दुसरी. झाल (सोल्डर) दिल्यावर वरून हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी, नळी चढवा. नुसती पिळलेली वायर गाडीच्या धक्क्यांनी सुटतेच.

तीन वायरींची पिन दिसली तर घाबरू नका. दोन सेलांच्या लिथियम पॅकमध्ये मधली वायर दोन सेलांच्या सांध्यातून आलेली असते, दोन्ही सेल सारखे भरावेत म्हणून. तिचा चार्जरही तीन वायरींचाच लागतो.

माप

कप्प्याची लांबी, रुंदी आणि खोली पट्टीने मिलिमीटरमध्ये घ्या, आणि झाकण लावल्यावर खोली कमी होते हे धरा. झाकणाच्या आतल्या बाजूला बरगड्या असतात, त्या दोन-तीन मिलिमीटर खातात. वायर जिथून बाहेर येते तिथे लांबीत निदान १० मिलिमीटर मोकळे ठेवा, वायर दुमडून दाबली की मुळाशी तुटते.

पेन्सिल सेल १४.५ मिलिमीटर जाड आणि ५०.५ मिलिमीटर लांब असतो. चार सेल एका ओळीत झोपवलेले असले तर पॅक ५८ मिलिमीटर रुंद आणि १४.५ जाड. तेच चार सेल दोनावर दोन रचलेले असले तर २९ बाय २९ चा चौकोनी ठोकळा. व्होल्ट तेच, पिन तीच, साठवण तीच, आणि एक कप्प्यात जातो तर दुसरा जात नाही. विकणाऱ्याने माप दिलेलं नसेल तर विचारून घ्या. मोठ्या हौशी गाड्यांत सहा जाड सेलांची लांबट पट्टी असते, साधारण १३५ बाय ४५ बाय २३ मिलिमीटर, ती मात्र सहज मिळते. काही कंपन्यांनी स्वतःच्या साच्यातलं प्लास्टिकचं कवच वापरलं, टायकोच्या जुन्या गाड्यांतले पॅक तसे. अशा वेळी कवच जपून ठेवा, आतले सेल बदलता येतात.

बसली, पण टिकत नाही

नवा पॅक, योग्य व्होल्ट, सरळ पिन, तरी गाडी तीन मिनिटांत थांबते. आधी लेबलवरच्या साठवणीचा आकडा बघा. चांगल्यात चांगला निकेलचा पेन्सिल सेल २७००-२८०० एमएएचच्या (मिलिअँपिअर-तासांच्या) आसपास थांबतो. १८६५० नावाचा १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब लिथियम सेल साधारण ३५०० पर्यंत जातो. त्याच सेलवर ९९०० छापलेलं असेल तर तो आकडा खोटा आहे, आणि जो आकड्यात खोटं बोलतो त्याच्या सेलमध्ये आत काय असेल याचा भरवसा नाही. असा सेल मुलाच्या खेळण्यात घालू नका.

किती वेळ चालेल याचा अंदाज साधा आहे. ७०० एमएएचचा पॅक आणि सरासरी २ अँपिअर ओढणारी गाडी असेल तर ०.३५ तास, म्हणजे २१ मिनिटं. प्रत्यक्षात त्याहून कमी. लहान मुलांच्या साध्या गाडीला बारा-पंधरा मिनिटं मिळाली तर पॅकचा काही दोष नाही.

गाडी जोरात सोडली की एकदम मेल्यासारखी थांबते, आणि पॅक चार्जरला लावून काढला की पुन्हा जिवंत होते, असं असेल तर पॅकमधलं संरक्षक सर्किट करंट तोडतंय. पॅक खराब नाही, मोटरच्या मानाने कमजोर आहे. जास्त करंट देणारा पॅक घ्या. लिथियम-पॉलिमरवर १५सी, २५सी असं लिहिलेलं असतं. तो आकडा साठवणीने गुणायचा. १५०० एमएएच आणि १५सी म्हणजे २२.५ अँपिअर.

पण त्याआधी चाकं हाताने फिरवून बघा. सेकंडहँड गाडीच्या मागच्या दांड्यावर केस, दोरे, गालिच्याची लव असं सगळं गुंडाळलेलं असतं. एका गाडीच्या दांड्यावरून मी शाळेच्या दप्तराच्या नाडीएवढा जाड गुंडा चिमट्याने ओढून काढला होता. पॅक तोच, आणि गाडी पाच मिनिटांवरून अठरा मिनिटांवर गेली. अडकलेल्या मोटरला सरळ चालणाऱ्या मोटरच्या कितीतरी पट करंट लागतो. बॅटरी बदलत राहण्याआधी दहा मिनिटं यावर घालवा.

पॅकच कमजोर आहे का हे बघायचं असेल तर चाकं फिरत असताना पॅकच्या टोकांवर व्होल्ट मोजा. थांबलेल्या गाडीत ८.२ आणि पूर्ण वेगात ५ दाखवत असेल तर आतला एखादा सेल गेलेला आहे. नुसता उभ्या गाडीवर घेतलेला आकडा इथे काही सांगत नाही.

चार्जर

मूळ चार्जर २५० मिलिअँपिअरचा आणि मूळ पॅक ७०० एमएएचचा असेल तर भरायला साधारण चार तास. त्याच चार्जरला २४०० चा नवा पॅक लावला तर तेरा-चौदा तास. लोक चार तासांनी काढतात आणि नवा पॅक खराब निघाला म्हणतात. उलट मोठ्या चार्जरवर लहान पॅक रात्रभर राहिला तर तापून मरतो, कारण साध्या चार्जरला पॅक भरल्याचं कळत नाही. हिशेब असा करायचा: पॅकचे एमएएच भागिले चार्जरचे मिलिअँपिअर, आणि आलेल्या तासांना दीडपटीच्या जरा आत धरायचं. तेवढा वेळ झाला की काढायचं. निकेलचा पॅक शेवटी कोमट लागतो, हाताला चटका बसत असेल तर उशीर झालाय.

लिथियमला लिथियमचाच चार्जर, आणि सेलांची संख्या तीच. चार्ज होताना मोठं माणूस घरात जागं हवं. अंथरुणावर, सोफ्यावर, मुलाच्या खोलीत नको, फरशीवर ठेवा. फुगलेला पॅक दाबून, टोचून, थंड करून पूर्ववत होत नाही. तो बाजूलाच काढायचा.

तयार पॅक मिळालाच नाही तर

निकेलच्या गाडीसाठी सगळ्यात निर्धोक उपाय म्हणजे पेन्सिल सेलांची डबी. कप्प्यात बसत असेल तर तिला जुन्या पॅकची पिन जोडा आणि चार्ज होणारे १.२ व्होल्टचे तेवढेच सेल घाला. सेल सुटे असल्याने एखादा गेला तर तेवढाच बदलता येतो, आणि भरायला घरातला पेन्सिल सेलांचा चार्जर चालतो. डबीच्या स्प्रिंगा मोठा करंट वाहू देत नाहीत, त्यामुळे जोरदार मोटरच्या गाडीला हा उपाय अपुरा पडतो. चार-पाच सेलांच्या गाड्यांना मात्र उत्तम.

पॅक बांधायचा असेल तर पत्र्याच्या पट्ट्या आधीच डकवलेले सेल घ्या आणि झाल पट्टीला द्या. सेलच्या अंगावर सोल्डरिंग गन टेकवली की उष्णता आत जाते आणि नवा सेल पहिल्याच दिवशी अर्धा होतो. लिथियमचा पॅक घरी बांधू नका. ते काम स्पॉट वेल्डिंगचं आहे, आणि चूक झाली तर आगीशी गाठ आहे.

कप्प्यात पांढरी-हिरवट भुकटी असेल तर नवा पॅक ठेवण्याआधी ती जायला हवी. निकेल आणि अल्कलाइन सेलांतून गळतं ते क्षारयुक्त असतं. हातमोजे घाला, कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, बुडबुडे थांबले की ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. वायरीचं टोक सोलून बघा. तांबं काळं पडलेलं असेल तर गळती वायरीच्या आत चढली आहे. अशा वायरीवर झाल धरत नाही, ती लखलखीत तांबं लागेपर्यंत कापायची किंवा बदलायची.

भाच्याच्या त्या हिरव्या गाडीला शेवटी दुसऱ्या एका मोडक्या गाडीचं सर्किट लावलं. कप्पा ६२ मिलिमीटर रुंद भरला, म्हणून चार सेलांचा आडवा पॅक घेतला, निकेल-मेटल हायड्राइड, ४.८ व्होल्ट. पॅक आल्यावर पिन जोडण्याआधी मल्टिमीटरच्या काड्या भाच्यानेच टेकवल्या. उणे चिन्ह आलं. आम्ही काटे काढून अदलून बसवले, त्याने पुन्हा मोजलं, मग स्विच सरकवला. त्या मोडक्या गाडीतून निघालेल्या पॅकच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो बॅटऱ्या गोळा करणाऱ्या पेटीत टाकला. कचऱ्यात टाकायचा नाही, कॅडमियमचा होता तो.